घरावर मजला चढविण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे २०२३ पर्यंत ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहराहून, जालन्याच्या रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे चिकलठाणा लागते. तेथील एखाद्या उंच जागी उभे राहून घरांच्या गच्च्यांवर नजर टाकली, तर एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. घर एकमजली असो की दुमजली, गच्चीच्या कडेला आणि मध्यभागी लोखंडी सळयांचे झुबके आकाशाकडे तोंड करून उभे असतात. कोठे त्यांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या, कोठे त्यांना दोरी बांधून धुणे वाळत टाकलेले. घर बांधताना पैसा पुरला नाही. मुलगा मिळवता झाला, घरात सून आली, की वर दोन खोल्या काढू, असा बेत त्या सळयांच्या रूपाने वर्षानुवर्षे उन्हापावसात उभा असतो.

हा बेत एके दिवशी अमलात यावयाची वेळ येते. लग्नाची तिथी धरलेली असते, थोडीफार शिल्लक गाठीशी असते, आणि गवंड्यास बोलावणे जाते. नकाशा काढणाऱ्यास मात्र बहुधा जात नाही. आपली जागा, आपले घर, आपला पैसा. मग आपल्याच डोक्यावर छप्पर घालावयास दुसऱ्याची परवानगी कशाला, हा प्रश्न गृहस्थाच्या मनात येतो आणि तो अगदीच वावगा आहे असे म्हणता येत नाही. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापूर्वी खुद्द घराच्या वजनात शोधावे लागते.

समजा, खालचे घर ५ मीटर रुंद व १० मीटर लांब आहे. त्यावर तेवढाच मजला घ्यावयाचा आहे. साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या सलोह काँक्रीटच्या छताचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१० किलो भरते. म्हणजे ५० चौरस मीटर छताचे साडेपंधरा टन. वरच्या फरशीचे व गिलाव्याचे सुमारे पाच टन धरावे. माणसे, पलंग, कपाटे, धान्याच्या कोठ्या यांसाठी स्थापत्याच्या मानकांत निवासी इमारतीस दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरण्याचा संकेत आहे. ते झाले दहा टन. विटांची २३ सेंटिमीटर जाडीची तीन मीटर उंच भिंत धावत्या मीटरला तेराशे किलोंच्या घरात जाते. दारे-खिडक्या वजा जाता व आतल्या भिंती पातळ धरल्या तरी एकंदर भार पन्नास टनांच्या खाली येत नाही. गवंडी ज्यास ‘वर दोन खोल्या’ म्हणतो, तो भार असा आहे.

शिवाय हा भार सर्व खांबांवर सारखा वाटला जात नाही. नऊ खांबांचे घर घेतले, तर कोपऱ्यातील खांबाच्या वाट्यास एका चौकटीचा चौथा हिस्सा येतो, कडेच्या खांबास अर्धा, आणि मधल्या एकट्या खांबास पुरी चौकट. याचा अर्थ असा की मधला खांब छताचा कोपऱ्याच्या चौपट भार वाहतो. पुष्कळ घरांतून सर्व खांब एकाच मापाचे व एकाच पायाचे घातलेले असतात, कारण ते घालताना कोणी हिशेब केलेला नसतो. त्यातून पाया मराठवाड्याच्या काळ्या मातीत असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात हातभर भेगा पडतात. खाली मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत पाया नेला होता की नाही, हे घरधन्यास क्वचितच आठवते. आणि त्या गच्चीवरच्या सळया? नव्या खांबाची सळई जुनीस जोडावयाची तर दोहोंचा एकमेकींशेजारी सळईच्या व्यासाच्या सुमारे पन्नासपट लांबीचा सांधा हवा. १२ मिलिमीटरच्या सळईस ही लांबी ६० सेंटिमीटर होते. दहा वर्षे गंजलेली, पोपडे धरलेली आणि दोन वेळा वाकवून सरळ केलेली वीतभर सळई येथे काय कामाची?

हिशेब न करता चढविलेल्या मजल्यांची किंमत जगाने मोजलेली आहे. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. तिचे वरचे मजले परवानगीवाचून चढविलेले होते, आणि आदल्या दिवशीच खांबांना तडे गेलेले दिसले होते. त्याच महिन्याच्या ४ तारखेस ठाण्याजवळ मुंब्रा भागात एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच पडली. तीत ७४ जीव गेले. मराठवाड्यास तर दूरचे दाखले द्यावयास नकोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला आणि किल्लारी व आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली. तेथे मारेकरी ठरली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींची व त्यांवर मातीच्या जड धाब्याची घरे. भूकंपाचा धक्का एकच. पण डोक्यावर किती वजन आहे व ते कशावर पेलले आहे, यावर जगणे-मरणे ठरले.

परवानगी ही या दृष्टीने पाहिली तर घरावर दुसऱ्या डोळ्यांनी टाकलेली नजर होय. शेजाऱ्याचा उजेड, गल्लीची रुंदी, आग लागल्यास बंब आत येईल की नाही, सांडपाणी कोठे जाईल, हे प्रश्न एका घराचे नसतात. ते घरधन्याने सोडवावे अशी अपेक्षाही रास्त नव्हे. १६६६ साली लंडन शहर जळाले, त्यानंतर पुढच्याच वर्षी कायदा करून घरे विटांची किंवा दगडांची बांधावीत असा दंडक घालण्यात आला. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आज या भागास लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या जोडीस महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम आहे. त्यात नवे घर बांधण्याची सूचना आयुक्तांस देण्याचे कलम २५३ आणि असलेल्या घरात वाढ किंवा फेरफार करण्याची सूचना देण्याचे कलम २५४, अशी दोन वेगळी कलमे आहेत. वाढीव बांधकाम म्हणजे बांधकामच नव्हे, ही समजूत तेथेच खोटी पडते.

मात्र प्रत्येक डागडुजीस परवानगी लागते असेही नाही. १९६६ च्या अधिनियमाचे कलम ४३ घराच्या आतील व बाहेरच्या रूपात विशेष फरक न करणाऱ्या दुरुस्तीस मोकळीक देते. गिलावा, रंग, फरशी, गळके छत दुरुस्त करणे, दारे-खिडक्या बदलणे यांसाठी कोणी नकाशे घेऊन धावावयाचे कारण नाही. परंतु खोली वाढवणे, गच्चीवर पत्र्याची का होईना पण कायमची खोली उभारणे, सज्जा भिंतीने बंद करून घेणे, भार पेलणारी भिंत काढून दोन खोल्यांचे एक दिवाणखाने करणे, ही कामे दुरुस्तीच्या सदरात बसत नाहीत. या शेवटच्या कामात धोका सर्वांत अधिक आणि जाणीव सर्वांत कमी असते.

आता अर्ज कोठे करावयाचा, हा प्रश्न चिकलठाण्यात दिसतो तितका सोपा नाही. हे मूळचे खेडे. महानगरपालिका ८ डिसेंबर १९८२ रोजी स्थापन झाली तेव्हा आसपासच्या गावांबरोबर तेही शहराच्या हद्दीत आले. १९६२ साली निघालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे उभी राहिली. तिच्या हद्दीतील बांधकामास परवानगी देण्याचा अधिकार त्या महामंडळाचा आहे, महानगरपालिकेचा नव्हे. म्हणून एकाच चिकलठाण्यात रस्त्याच्या एका बाजूचा गृहस्थ एका कचेरीत जातो व दुसऱ्या बाजूचा कारखानदार दुसऱ्या.

खुद्द महानगरपालिकेच्या हद्दीतही जमिनी तीन तऱ्हेच्या आहेत. पहिली गावठाणातील. तेथे घरे पिढ्यान्‌पिढ्यांची, भिंती शेजाऱ्याशी सामायिक, आणि मिळकत पत्रिकेवर अनेकदा निवर्तलेल्या आजोबांचेच नाव. तेथे नकाशाच्या आधी वारसांची नोंद करून घ्यावी लागते. भावाभावांत संमती नसेल तर प्रकरण तेथेच अडते. दुसरी, मंजूर रेखांकनातील अकृषिक भूखंडांची. ही सर्वांत निर्धोक. तिसरी तऱ्हा गुंठेवारीची, आणि या शहराच्या संसाराचे खरे दुखणे तीच होय.

गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०८९ चौरस फूट. शहर वाढले, कारखाने आले, कामगार आले. त्यांना परवडेल अशी जागा मंजूर रेखांकनात मिळेना. शेतकऱ्याने शेताचे अर्ध्या-एका गुंठ्याचे तुकडे पाडून विकले. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा अशा विक्रीच्या आड येत असल्याने रीतसर खरेदीखत होत नसे. मुद्रांकाच्या कागदावर, लोकांच्या भाषेत ‘बाँडवर’, व्यवहार होई. त्या कायद्याचे निर्बंध पुढे सैल झाले, पण घरे तत्पूर्वीच उभी राहिली होती. पैसा कष्टाचा होता, घर पक्के होते, वीजही आली. कायद्याच्या दृष्टीने मात्र तेथे शेतच होते. अशा घरांसाठी २००१ साली गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा अधिनियम झाला. त्यात १ जानेवारी २००१ ही मर्यादा होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. विहित शुल्क भरून असे घर नियमित करून घेता येते. परंतु विकास योजनेतील रस्त्याच्या किंवा आरक्षणाच्या रेषेत आलेल्या घरास ही वाट सरळपणे खुली नसते. गुंठेवारीतील गृहस्थाने ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की खालचा मजला नियमित झालेला नसता वरच्या मजल्याची परवानगी मागणे म्हणजे पायावाचून भिंत मागणे होय. आधी खालचे नियमित, मग वरचे मंजूर. आणि खालचे नियमित झाले म्हणून नंतर चढविलेला मजला त्याच कागदात आपोआप शिरत नाही.

जमिनीचा कागद हाती आला की अनुज्ञप्तिधारक अभियंता किंवा नोंदणीकृत वास्तुविशारद गाठावा लागतो. तो विकास योजनेतील जागेचा भाग नकाशा पाहतो, घराचे मोजमाप घेतो आणि नकाशा काढतो. या नकाशाची एक रंगभाषा असते. नवे होणारे काम लाल रंगात भरलेले, पाडावयाचे काम पिवळ्या रेघांत. वाढीव बांधकामात जुने कोठे संपते व नवे कोठे सुरू होते हे त्यामुळे एका दृष्टिक्षेपात कळते, आणि जे जुने म्हणून दाखविले ते पूर्वी मंजूर होते काय, हेही तपासणाऱ्यास विचारता येते. घरधन्याने या नकाशावर सही करण्यापूर्वी तो नीट समजून घ्यावा. आपल्या घरात नसलेला मोकळा बोळ नकाशात दिसू लागला, तर तो बोळ पुढे आपल्यालाच दाखवावा लागेल. मजला वाढवावयाचा असल्यास संरचना अभियंत्याचे खालच्या घराच्या मजबुतीबद्दलचे प्रमाणपत्र हवे. हे प्रमाणपत्र सहीपुरते घेणारेही असतात. अभियंत्याने पाया एका जागी उकरून पाहिला, खांबांतील काँक्रीट तपासले, तरच त्या सहीस अर्थ.

त्यानंतर येतो चटई क्षेत्र निर्देशांक. नाव बोजड आहे, हिशेब सोपा आहे: भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्याप्रमाणे दाट वस्तीबाहेरच्या निवासी भूखंडास मूळ निर्देशांक १.१० आहे. समजा, भूखंड १०० चौरस मीटरचा आहे व खाली ७० चौरस मीटर घर आहे. मूळ हक्क ११० चा. त्यातून ७० गेले, उरले ४०. गृहस्थास वर पुन्हा ७० हवे असतील तर उरलेल्या ३० साठी अधिमूल्य भरून मिळणारे साहाय्यक क्षेत्र घ्यावे लागते, आणि ते निवासी घरास मूळ क्षेत्राच्या ६० टक्क्यांपर्यंत मिळू शकते. अर्थात जागा मिळाली तरी बाजूंची मोकळी जागा सोडावीच लागते. वरचा सज्जा हातभर गल्लीवर काढण्याची जी रीत पडली आहे, तिला कोणत्याच निर्देशांकात आधार नाही. खोलीची उंची २.७५ मीटरहून कमी ठेवून विटा वाचवू नयेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती काटकसर अंगाशी येते.

चिकलठाण्यास आणखी एक बंधन आहे, जे मराठवाड्यातील बहुतेक गावांस नाही: विमानतळ. नागरी विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी २०१५ साली केलेल्या नियमांप्रमाणे धावपट्टीच्या परिसरात बांधकामाची उंची मर्यादित आहे. विमानतळ प्राधिकरणाने रंगीत चौकटींचा नकाशा करून दिला आहे. एखाद्या चौकटीत लिहिलेल्या उंचीच्या आत घर राहत असेल तर स्थानिक संस्थाच मंजुरी देऊ शकते. लाल चौकटीत मात्र प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र स्वतंत्रपणे आणावे लागते. येथे एक मौजेची चूक नेहमी होते. नकाशातील उंची जमिनीपासून मोजलेली नसून समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. चिकलठाण्याचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर उंचीवर आहे. चौकटीत सहाशेच्या पुढचा आकडा पाहून गृहस्थ मनात उंच मनोरे बांधू लागतो. वस्तुतः त्यातून त्याच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा करावयाची असते, आणि उरते त्यात पाण्याची टाकी व जिन्यावरचे छप्परही बसवावे लागते.

२०२० च्या नियमावलीने लहान घरांस एक सवलत दिली, आणि तिच्याविषयी गैरसमजही तितकाच पसरला. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, असे लोकांनी ऐकले आणि ‘परवानगीच लागत नाही’ असे धरून चालले. खरी गोष्ट अशी की अनुज्ञप्तिधारकाने सही केलेले नकाशे व कागद दाखल करून शुल्क भरावयाचे असते, आणि ती पावतीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांची मुदत ठेवण्यात आली. म्हणजे सवलत वाट पाहण्यातून मिळाली, नियमांतून नव्हे. नकाशा खोटा निघाला तर जबाबदारी घरधनी व अभियंता या दोघांवर येते.

मोठ्या कामांस १९६६ च्या अधिनियमाप्रमाणे साठ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद कलम ४५ मध्ये आहे खरी. पण प्रस्ताव सर्व नियमांशी तंतोतंत जुळत असेल तरच. नकार आला तर चाळीस दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. मंजुरी एका वर्षापुरती असते व दरवर्षी वाढवून एकंदर चार वर्षांपर्यंत चालते, तेव्हा पैशाच्या सोयीने टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्याने ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. शुल्कांत विकास शुल्क, छाननी शुल्क, १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला बांधकाम कामगारांच्या कल्याणाचा उपकर इत्यादी बाबी येतात. त्यांचा अंदाज अभियंत्याकडून आधीच घेतला नाही तर विटांसाठी ठेवलेला पैसा चलनात जातो.

हे सर्व टाळून रातोरात मजला चढविणारे आहेतच. त्यांचा मोठा आधार म्हणजे घरपट्टीची पावती. महानगरपालिका कर घेते, त्याअर्थी घर कायदेशीर, असा तो युक्तिवाद. पण कर ही परवानगी नव्हे. उलट अनधिकृत बांधकामावर घरपट्टीच्या दुप्पट शास्ती बसविण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे आणि ती भरल्यानेही बांधकाम नियमित होत नाही. १९६६ च्या अधिनियमात परवानगीवाचून विकास करणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद व दोन ते पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. आजच्या दिवसांत हा दंड सिमेंटच्या काही पोत्यांएवढा आहे हे खरे. खरी शिक्षा निराळीच असते. २०२५ च्या जूनमध्ये याच जालना रस्त्यावर मुकुंदवाडीच्या बाजूस रस्त्याच्या रेषेत आलेली बांधकामे पाडण्याची मोठी मोहीम झाली आणि शेकडो दुकाने-घरे जमीनदोस्त झाली. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी आवश्यक ठरविली आहे. पण सार्वजनिक रस्ता, पदपथ, नदी यांवरील अनधिकृत बांधकामांस त्या निर्णयाने तेच संरक्षण दिलेले नाही. ज्यांनी आयुष्याची पुंजी त्या भिंतींत घातली, त्यांचे दुःख कायद्याच्या भाषेने हलके होत नाही, आणि इतकी वर्षे ती घरे उभी राहू देणाऱ्या व्यवस्थेस त्यातून नामानिराळे होता येत नाही. म्हणूनच भाग नकाशा आधी पाहणे हे पहिले काम ठरते: घर रस्त्याच्या रेषेत असेल तर वर मजला चढविणे म्हणजे पाडकामाचा ढिगारा वाढविणे.

काम पुरे झाले की अभियंत्याने पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज करावयाचा असतो. लोक बहुधा येथेच कंटाळतात. लग्न झालेले असते, सून वरच्या खोल्यांत राहावयास आलेली असते, आता कागद कशाला? पण पुढे घर तारण ठेवून कर्ज काढावयाचे झाले, विकावयाचे झाले, किंवा भावांत वाटणी झाली, तर बँकेचा वकील हाच कागद प्रथम मागतो. तो मंजूर नकाशासह व भरलेल्या चलनांसह एका पिशवीत घालून खरेदीखताबरोबर ठेवावा. संरचना अभियंत्याने केलेला भाराचा हिशेबही त्यातच असावा. पाया किती मजल्यांसाठी पुरेसा आहे हे त्याशिवाय तीस वर्षांनी कोणास कळणार? तो आकडा नव्या मजल्यानेच पुरा झाला असेल तर नव्या गच्चीवर सळया मोकळ्या सोडू नयेत, त्या छतातच वळवून बंद कराव्यात. आणखी एका मजल्यास खरोखरीच वाव असेल, तर त्या पुऱ्या सांध्याच्या लांबीच्या ठेवून त्यांभोवती हलक्या काँक्रीटचे टोपण घालावे, म्हणजे गंज चढणार नाही आणि वेळ आल्यावर ते हातोडीने सहज फोडता येईल.